हृदय पालटलें, पण धंदा?

ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत आणि त्यांच्या बाहेरहि जगभर गाइल्या जाणाऱ्या ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताची एक जन्मकथा लोकांच्या तोंडीं बसली आहे. ती अशी कीं, जॉन न्यूटन नांवाचा एक उर्मट आणि नास्तिक इंग्रज खलाशी गुलामांचा व्यापार करीत असे. एके रात्रीं भर समुद्रांत त्याचें जहाज वादळांत सांपडलें. मृत्यु समोर दिसतांच त्यानें देवाचा धांवा केला. देवानें त्याला तारलें. आणि किनाऱ्याला लागतांच त्यानें तो पापी धंदा सोडून दिला व कृतज्ञतेच्या भरांत हें गीत लिहिलें. कथा मोठी गोड आहे. कीर्तनकारानें उत्तररंगांत घालावी अशीच ती आहे. परंतु ती खरी नाहीं. आणि ज्या ठिकाणीं ती खोटी आहे नेमक्या त्याच ठिकाणीं ख्रिस्ती धर्मांतील हृदयपरिवर्तनाचा खरा प्रश्न लपलेला आहे. म्हणून आज आम्ही तिची थोडी चौकशी करूं इच्छितों. आमचा मूळ धंदा वकिलीचा. तेव्हां चौकशीचा आरंभ तारखांपासून केला तर वाचकांनीं रागावूं नये.

वादळ खरें आहे. १७४८ च्या मार्च महिन्यांत उत्तर अटलांटिक महासागरांत ‘ग्रेहाउंड’ नांवाचें जहाज फुटूं लागलें. बावीस वर्षांचा न्यूटन तासचे तास पंप मारीत होता, आणि अंगांत त्राण उरलें नाहीं तेव्हां सुकाणूं धरून उभा राहिला. कित्येक वर्षांनीं त्याच्या तोंडून देवाचें नांव निघालें. आणि सुमारें चार आठवड्यांनीं तें मोडकें जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलें. नव्या पंचांगाप्रमाणें २१ मार्च ही त्या दिवसाची तारीख तो पुढें आयुष्यभर एखाद्या व्रतासारखी पाळीत असे. येथपर्यंत कथा आणि कागद यांचा मेळ बसतो. पुढें बसत नाहीं.

त्याच वर्षीं न्यूटन एका गुलामवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून पुन्हां आफ्रिकेला निघाला. १७५० पासून १७५४ पर्यंत त्यानें स्वतः कप्तान होऊन तीन सफरी केल्या. पहिली ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’ या जहाजावरून आणि पुढच्या दोन ‘आफ्रिकन’ या जहाजावरून. म्हणजे, वाचकहो, तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला तो वादळापूर्वीं नव्हे, वादळानंतर! देव सांपडण्यापूर्वीं तो एक पळपुटा खलाशी आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका गुलामव्यापाऱ्याचा हाल सोसणारा नोकर होता. देव सांपडल्यावर मात्र तो त्या व्यापारांत मालकाच्या विश्वासाचा माणूस बनला. जहाजावर तो दर रविवारीं दोनदां खलाशांना जमवून प्रार्थना वाचून दाखवी. वर फळ्यांवर ही प्रार्थना चाले आणि त्याच फळ्यांखालीं बेड्या घातलेलीं माणसें अंगाला अंग चिकटवून रचलेलीं असत. १७६४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत त्यानें लिहून ठेवलें आहे कीं, देवाच्या सान्निध्याचा जितका मधुर अनुभव शेवटच्या दोन गिनी-सफरींत आला तितका आपल्याला दुसरीकडे क्वचितच आला. हें दंभानें लिहिलेलें नाहीं, हीच यांतली भयंकर गोष्ट आहे. दांभिकाचा उलगडा सोपा असतो. प्रामाणिक माणसाचा करणें अवघड जातें.

बरें, धंदा सुटला तो तरी विवेकाच्या टोंचणीनें सुटला काय? तसेंहि नाहीं. १७५४ मध्यें चौथ्या सफरीवर निघण्यास दोन दिवस उरले असतां घरीं पत्नीबरोबर चहा घेतांना त्याला एकाएकीं झटका आला आणि तो बेशुद्ध पडला. वैद्यांनीं समुद्रावर जाण्याची मनाई केली. पुढें लिव्हरपूलच्या बंदरांत जकातीकडील चाकरी, १७६४ मध्यें पाद्रीपणाची दीक्षा, ओल्नी गांवांत सोळा वर्षें उपदेश, १७७३ च्या नववर्षदिनीं तें सुप्रसिद्ध गीत. त्या गीतांत स्वतःच्या अधमपणाचा उल्लेख आहे. गुलामांविषयीं एक अक्षर नाहीं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध न्यूटननें पहिलें पुस्तक छापलें तें १७८८ सालीं. वादळापासून मोजलें तर चाळीस वर्षें झालीं होतीं.

त्या पुस्तकाविषयीं मात्र आम्हांला आदरानेंच बोललें पाहिजे. वृद्ध आणि लोकमान्य झालेल्या धर्मोपदेशकानें आपल्या तारुण्यांतील धंद्याची लाज चव्हाट्यावर मांडावी, आपली कबुली फार उशिरां येत आहे हेंहि स्वतःच सांगावें, आणि १७८८ मध्यें प्रिव्ही कौन्सिलच्या समितीपुढें व १७९० मध्यें कॉमन्स सभेच्या समितीपुढें साक्ष द्यावी, हें लहान धैर्य नव्हे. आयुष्यभर ज्यांनीं ऐकीव माहितीवर भाषणें केलीं त्यांच्या दहा व्याख्यानांपेक्षां स्वतः बेड्या ठोकलेल्या एका कप्तानाची साक्ष न्यायसभेंत जड पडते. विल्बरफोर्स नांवाचा तरुण पार्लमेंट-सभासद १७८५ च्या अखेरीस धर्मभावनेनें व्याकुळ होऊन, राजकारण सोडावें काय, असें विचारण्यास न्यूटनकडे आला होता. तेव्हां न्यूटननें त्याला राजकारणांतच राहण्याचा सल्ला दिला, हा तर इंग्लंडच्या इतिहासांतील एक मोठाच उपकार.

तथापि उलटतपासणीची आमची खोड जात नाहीं. त्या १७८८ च्या पुस्तकांत न्यूटन सांगतो कीं, गुलामांच्या अंगठ्यांना मळसूत्री चाप लावून त्यांना तासचे तास तळमळत ठेवलेलें आपण पाहिलें आहे. ‘पाहिलें आहे’ हे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. त्याची कप्तानकीच्या काळची रोजनिशी १९६२ मध्यें छापून निघाली. तींत १७५२ च्या डिसेंबरांतील नोंद आहे कीं, बंडाच्या कटाचा संशय आला म्हणून कांहीं पोरांना बेड्या घातल्या व पूर्ण कबुली मिळावी म्हणून तोच चाप त्यांना ‘थोडासा’ लावला. कप्तान अर्थातच न्यूटन. चाळीस वर्षांनीं आलेल्या कबुलींतसुद्धां ‘केलें’ या क्रियापदाच्या जागीं ‘पाहिलें’ हें क्रियापद येऊन बसलें! आम्ही हें त्या वृद्धाला खिजवण्यासाठीं लिहीत नाहीं. हृदय पालटलें तरी जीभ किती मागें रेंगाळते, याचा याहून बोलका पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, हृदयपरिवर्तन ही देव आणि भक्त यांच्यामधील गोष्ट; तींत धंद्याचा हिशेब कशाला? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीं आम्हांला ख्रिस्ती शास्त्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. ग्रीक शुभवर्तमानांत ज्या शब्दानें ही गोष्ट सांगितली आहे तो शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे बुद्धीचेंच पालटणें. मराठी शास्त्रांत त्याला ‘पश्चात्ताप’ म्हणतात आणि त्यामुळें डोळे पुसण्याकडे लक्ष अधिक जातें. परंतु यार्देनेच्या कांठीं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनीं विचारलें कीं आम्ही काय करावें, तेव्हां त्यानें कोणालाहि रडावयास सांगितलें नाहीं. दोन अंगरखे असणाऱ्याला एक देण्यास सांगितलें; जकातदाराला ठरल्याहून अधिक वसूल न करण्यास सांगितलें; शिपायाला दंडेली न करण्यास आणि पगारांत समाधान मानण्यास सांगितलें. ज्याला त्याला त्याच्या धंद्याचीच भाषा! आणि जक्कय नांवाचा जकातदारांचा मुखत्यार येशू ख्रिस्ताला घरीं नेल्यावर काय बोलला? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडलेल्याची चौपट फेड. तारणाचा शब्द येशूनें उच्चारला तो या बोलण्यानंतर.

न्यूटनला हें दिसलें नाहीं, कारण त्या काळीं कोणालाच दिसत नव्हतें, असा बचाव केला जातो. न्यूटन स्वतःच म्हणतो कीं, धंदा अधर्माचा आहे अशी शंका तेव्हां आपल्या मनांत आली नाहीं व कोणा मित्रानेंहि ती सुचवली नाहीं. मित्रानें सुचवली नाहीं, हें वाक्य आम्हांला न्यूटनपेक्षां त्याच्या मित्रांविरुद्ध अधिक मोठें दोषारोपपत्र वाटतें. परंतु ‘कोणालाच’ हा शब्द मात्र आम्ही टिकूं देणार नाहीं.

न्यूटन झटक्यानें पडला त्याच १७५४ सालीं अटलांटिकच्या पलीकडे न्यू जर्सींतील माउंट हॉली गांवच्या जॉन वूलमन नांवाच्या क्वेकर शिंप्यानें गुलाम बाळगण्याविरुद्ध एक पुस्तिका छापली. वूलमनला वादळ भेटलें नव्हतें. तरुणपणीं तो एका दुकानदाराकडे कामाला होता. मालकानें एके दिवशीं त्याला एका कृष्णवर्णीय स्त्रीचें खरेदीखत लिहावयास सांगितलें. घेणारा गृहस्थ समोर तिष्ठत उभा होता. वूलमननें तें लिहिलें. लिहितां लिहितां, हें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें आपल्याला वाटतें, एवढें तो मालकाला आणि गिऱ्हाइकाला बोलला. पण खत लिहून दिलें, आणि त्याची बोच त्याला जन्मभर राहिली. पुढें कोणी तसलें खत मागितलें तर तो नाहीं म्हणूं लागला. दुकान फार वाढूं लागलें तेव्हां त्यानें तें आंवरतें घेतलें. गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरीं मुक्काम पडला तर त्या घरांतील गुलामांना त्यांच्या सेवेचे पैसे मिळावेत अशी तो व्यवस्था करी. गुलामांच्या श्रमांची साखर त्यानें सोडली, रंगवलेलीं वस्त्रेंहि सोडलीं, आणि लोकांच्या हंसण्याची पर्वा न करितां पांढरट कपड्यांत हिंडूं लागला. शिव्याशाप त्यानें कोणालाहि दिले नाहींत. एकेकाच्या घरीं जाऊन तो बोलत बसे. १७७२ मध्यें इंग्लंडांत यॉर्क येथें देवीच्या रोगानें तो वारला; आणि चार वर्षांनीं, १७७६ त, फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनीं गुलाम सोडण्यास नकार देणाऱ्या सभासदांना आपल्या पंथांतून काढण्याचें ठरवलें. एकच शतक, एकच शास्त्र, एकच ख्रिस्त. एकाचें परिवर्तन प्रार्थनेपासून निघून धंद्याशीं पोंचावयास चाळीस वर्षें लागलीं. दुसऱ्याचें धंद्याच्या मेजावरच, हातांत लेखणी असतांना सुरू झालें.

व्यक्तीची ही कथा, मग संस्थेची काय विचारावी? बार्बाडोस बेटांतील कॉड्रिंग्टनचा उसाचा मळा मृत्युपत्रानें इंग्लंडच्या चर्चच्या धर्मप्रसारक सोसायटीकडे आला, आणि तेथील गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडानें उठवला जाई. शुभवर्तमान सांगणाऱ्या संस्थेचें नांव माणसाच्या कातडीवर! त्याबद्दल त्या चर्चच्या महासभेनें क्षमायाचना केली ती २००६ मध्यें. आणि १८३३ च्या ज्या कायद्यानें ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी उठवली म्हणून इंग्रज इतकीं वर्षें आम्हांला आपल्या धर्मबुद्धीची महती सांगत आले, त्या कायद्यानें दोन कोटि पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना छदाम नाहीं. कंपनीच्या ताब्यांतील हिंदुस्थान तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवला होता. येथें तसा कायदा व्हावयास १८४३ साल उजाडलें. राष्ट्रीय बाण्याच्या पत्राला येथें थांबून टाळी वाजवण्याचा मोह होतो. तो आम्ही आंवरतों, कारण पुढची हकीकत आमच्याच घरची आहे.

१८३३ याच सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनीं दक्षिणेंतील मंडळ्यांना हुकूम पाठवला कीं, ख्रिस्ती मंडळींत जातिभेद तत्काळ आणि कायमचा बंद झाला पाहिजे. हे विल्सन तरुणपणीं लंडनमध्यें धर्मसंशयानें ग्रासले असतां सल्ल्यासाठीं गेले होते ते वृद्ध न्यूटनकडेच. एका दिव्यानें दुसरा दिवा लागतो तो असा. पण हुकूम निघाला आणि तंजावरकडे काय झालें? पिढ्यान् पिढ्यांचे ख्रिस्ती मंदिर सोडून बाहेर पडले. ख्रिस्त त्यांना हवा होता. महार-परियांच्या पंक्तीला बसून एका प्याल्यांतून ख्रिस्तप्रसाद घेणें नको होतें. सुंभ जळला, पीळ राहिला. गोव्यांत तर कांहीं चर्चच्या फेस्ताचे मान विशिष्ट जातींच्या कोंफ्रारियांकडे परंपरेनें चालत आलेले आहेत. आणि डिसेंबर २०१६ मध्यें भारतांतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें दलितांविषयींचें जें धोरण प्रसिद्ध केलें, त्यांत चर्चच्या पोटांत अस्पृश्यता अजून आहे ही कबुली त्यांना स्वतःच्या सहीनें द्यावी लागली. कबुली दिली, हें त्यांना भूषणावह आहे. पण न्यूटनच्या चाळीस वर्षांना आम्ही उशीर म्हणतों; मग याला काय म्हणावें?

या कबुलीचा परिणाम न्यायालयापर्यंत कसा पोंचतो तेंहि पाहावें. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राखल्या. १९५६ त शिखांना आणि १९९० त बौद्धांना त्यांत घेतलें. ख्रिस्ती बाहेरच राहिले. १९८५ सालीं मद्रासच्या एका चर्मकाराच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, धर्मांतरानंतर ख्रिस्ती समाजांतहि तीच पीडा तितक्याच तीव्रतेनें चालू राहते असा पुरावा पुढें आलेला नाहीं. पुरावा कोणाच्या दप्तरांत होता? ज्या मंडळींच्या दफनभूमींत मृतांनासुद्धां जातवार निजवलें जातें, त्या मंडळींच्या. मंदिरांत जात नाहीं असें व्यासपीठावरून सांगावयाचें, आणि जातीमुळें सवलत द्या असा अर्ज सरकाराकडे करावयाचा, या दोन गोष्टींमध्यें जो गरीब चिरडला जातो त्याला हृदयपरिवर्तनाची व्याख्या कोणीं समजावून सांगावी?

पण या बाबतींत आम्हां बाहेरच्यांची दृष्टिहि कांहीं निर्मळ नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. १८९३ मध्यें शारदासदनावरून पुण्यांत रण माजलें, ‘केसरी’ त्यांत अग्रभागीं होता, आणि किती मुली बाटल्या याचा हिशेब आमचे पूर्वसूरी करीत बसले. स्वतः बाई १९०७ सालच्या आत्मनिवेदनांत काय सांगतात? सांगतात कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आठ वर्षांनीं मिळाला. त्या उमजण्यांत त्यांना विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाद्र्याच्या आत्मवृत्ताचें साहाय्य झालें, आणि या हॅस्लमचें हृदय पालटलें तें १८५१ त, कॉर्नवॉलमधील आपल्याच मंदिरांत, स्वतःच उपदेश करीत असतां! आम्ही रमाबाईंचें पहिलें परिवर्तन, जें कागदावर होतें, त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. दुसऱ्याची दखल आम्हीं घेतली नाहीं. तें दिसलें १८९६-९७ च्या दुष्काळांत, जेव्हां ही बाई मध्यप्रांतांत जाऊन उपासमारीनें मरूं घातलेल्या मुलींना केडगांवीं घेऊन आली. जक्कयाचें मोजमाप तिला लावून पाहावें. ती कमी पडत नाहीं.

आमच्या वकिलीच्या उमेदवारीच्या काळांत एक सावकार पक्षकार होता. त्यानें उतारवयांत माळ घातली, पंढरीची वारी धरली, कांदा-लसूण सोडला. विठ्ठलाचें नांव घेतांना त्याच्या डोळ्यांना खरोखरच धारा लागत. तें सोंग नव्हतें. परंतु रक्कम केव्हांच फिटून गेलेल्या एका गहाणाच्या शेताचा कागद सोडून देण्याची गोष्ट काढली कीं तो शांतपणें म्हणे, “वकीलसाहेब, तो व्यवहार निराळा.” तें शेत तो मेला तेव्हां त्याच्याच नांवावर होतें. त्याचें वकीलपत्र आम्हीं कांहीं परत केलें नाहीं, हेंहि येथें नमूद करणें प्राप्त आहे.

म्हणूनच वूलमनच्या रोजनिशींतील एक प्रसंग आम्हां वकिलांना अधिक झोंबतो. त्याचा एक शेजारी जखमी झाला होता. शरीरांतून रक्त काढण्याच्या त्या वेळच्या उपचारासाठीं त्यानें वूलमनला बोलावलें, आणि तें झाल्यावर मृत्युपत्र लिहून देण्यास सांगितलें. कोणत्या मुलाला काय द्यावयाचें हें सांगतां सांगतां, घरांतील तरुण गुलाम मुलगी अमक्याला द्यावी असेंहि तो म्हणाला. वूलमननें टिपण घेतलें आणि घरीं जाऊन त्या मुलीपुरता भाग वगळून सगळें मृत्युपत्र लिहिलें. तो कागद घेऊन तो शेजाऱ्याच्या बिछान्यापाशीं आला, वाचून दाखवला, आणि मित्रभावानें म्हणाला कीं, ज्या लेखानें माणूस गुलाम होतो तो लिहिण्यास आपला हात चालत नाहीं. झाल्या लिखाणाचा मोबदला आपण घेत नाहीं. राहिलेल्या भागाबद्दल क्षमा असावी. दोघे बराच वेळ बोलत बसले. शेवटीं शेजारी त्या मुलीला मुक्त करण्यास कबूल झाला. मग वूलमननें मृत्युपत्र पुरें केलें.